तेराव्या शिलालेखातला पश्चात्ताप

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इ. स. पू. 261च्या सुमारास, कलिंग जिंकले. त्याचा तेरावा शिलालेख या युद्धाचा हिशेब मांडतो: दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख ठार झाली, त्याच्या कितीतरी पट मेली. जेत्याने स्वतःच्या विजयाबद्दलचे दुःख असे दगडावर कोरून ठेवणे विरळाच. त्यासाठी लेखात ‘अनुसोचन’ हा शब्द येतो.

हे दुःख मोघम नाही. आईवडिलांची सेवा करणारी, नोकरचाकरांशी नीट वागणारी साधी माणसे यात भरडली गेली, असे लेख सांगतो. जे स्वतः वाचले, त्यांनाही आप्तांच्या हालांची झळ लागली, हेही त्याला दिसते. पश्चात्तापाचे खरे बळ या बारकाईत आहे. नुकसान नेमके कोणाचे झाले हे कळल्यावाचून वागणे बदलत नाही.

पुढे धम्ममहामात्र, म्हणजे धम्माच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी, नेमले गेले. कलिंगातल्या धौली व जौगड येथे तेरावा लेख कोरलेला नाही. त्याऐवजी तिथल्या स्वतंत्र लेखांत अधिकाऱ्यांना विनाकारण कोणाला कैदेत टाकू नका, अशी ताकीद आहे. तरीही जिंकलेला प्रदेश परत केल्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि तेराव्या लेखातच वनवासी टोळ्यांना राजाच्या सामर्थ्याची जाणीव करून दिलेली आहे. ही मर्यादा झाकता येत नाही.

तरी वागणे बदलल्याची एक खूण दिसते: आठव्या लेखात शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याची नोंद आहे.