काळ्या मातीवरील पाषाणमंदिरे

गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर किंवा जिंतूर तालुक्यातील चारठाण्याचा मंदिरसमूह पाहावयास गेलेल्या रसिकाची दृष्टी शिल्पांवर व स्तंभांच्या नक्षीवर खिळून राहावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु या वास्तूंच्या आयुर्मानाचा निर्णय जिच्यात होतो, ती पायाखालची काळी माती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बेसाल्ट झिजून झालेली ही मृत्तिका पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि चुन्याने दर्जा न भरता शिळेत शिळा गुंतवून रचलेले यादवकालीन बांधकाम या वार्षिक चढउतारामुळे सांध्यासांध्यांतून सुटू लागते. म्हणून जाणता संरक्षक मूर्तीला हात लावण्याआधी पाण्याच्या निचऱ्याचा बंदोबस्त करतो; भिंत उतरवणे अपरिहार्यच ठरले, तर प्रत्येक शिळेवर क्रमांक घालून, मोजमापे व छायाचित्रे दप्तरी नोंदवून मगच ती हलवतो.

याउलट जीर्णोद्धाराच्या निर्मळ श्रद्धेने लावलेले सिमेंट किती घात करते! त्या घट्ट लेपातून ओल बाहेर पडू शकत नाही. ती शेजारच्या दगडाच्या वाटेने निघते, सिमेंटातील विद्राव्य क्षार बरोबर नेते, आणि पाणी उडून गेल्यावर रंध्रांत वाढणाऱ्या स्फटिकांच्या दाबाने कोरीव पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. यावरचा उपचार धीराचा आहे: ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा दगडावर थापावा, वाळताना त्याने क्षार ओढून घ्यावेत, आणि परीक्षणात त्यांचे प्रमाण नगण्य ठरेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. जोडकामातील लोखंडी गजही असाच घातक. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व शिळा आतून फोडतो.

सद्हेतूने केलेला उपचार तज्ज्ञांच्या हातूनही उलटू शकतो. ही मंदिरे ज्यात येतात तो परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या, 1914 साली स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने 1920 च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी भक्कमपणासाठी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, आणि तो उतरवण्यासाठी नंतरच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ झिजावे लागले. आज कोणतेही द्रव्य वापरण्यापूर्वी ते पुढे निर्धोकपणे काढता येईल काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो, त्यामागे असेच अनुभव आहेत. माझ्या मते मूर्तींच्या वज्रलेपाची तजवीज करणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने तोच प्रश्न विचारावा, आणि गावकऱ्यांनी सिमेंटचे पोते फोडण्यापूर्वी राज्याच्या पुरातत्त्व खात्यास वर्दी द्यावी.