गुंठ्याला 85 रुपये
नुकसानभरपाईचा दर सरकार हेक्टरी सांगतं. नांदेड-लातूरकडचा शेतकरी हिशेब धरतो एकर-गुंठ्याचा. म्हणून आधी तो दर गुंठ्यावर आणू. मे 2025 अखेरच्या शासन निर्णयाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आणि 2 हेक्टरची मर्यादा ठरली. हेक्टरात जवळपास 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 85 रुपये. तेही नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. जानेवारी 2024 पासून हाच दर 13,600 होता आणि मर्यादा 3 हेक्टरची. ऐन पेरणीच्या तोंडावर तो खाली आला आणि त्याच खरिपात आभाळ फाटलं.

24 तासांत 65 मिमी पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. 17 ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात, लेंडी नदीच्या पाणलोटात, सुमारे 206 मिमी पडला. रावणगाव, हसनाळ, भासवाडीत पाणी शिरलं. हसनाळची माणसं गेली.

7 ऑक्टोबरला राज्याने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. रब्बीच्या बियाण्यासाठी वाढीव 10,000 धरून कोरडवाहूला हेक्टरी 18,500 आणि मर्यादा पुन्हा 3 हेक्टर. गुंठ्याला 185 रुपये झाले. आता हे सोयाबीनशी ताडून बघा. एकरी 6 क्विंटल उतारा धरला तर गुंठ्याला 15 किलो. त्या हंगामातल्या 5,328 च्या हमीभावाने जवळपास 800 रुपये.

खरडून गेलेल्या रानाचा हिशेब तर जीवाला लागतो. हेक्टरभर रानातली फूटभर माती म्हणजे सुमारे 1,076 ब्रास. रोख मदत हेक्टरी 47,000, म्हणजे ब्रासला 44 रुपयेही नाहीत. रोजगार हमीतून जाहीर झालेले 3 लाख प्रत्यक्ष कामाच्या रूपाने बांधापर्यंत पोचले, तरच हा आकडा सव्वातीनशेच्या आसपास जातो.

पीकविम्याचा आधारही त्याच वर्षी बारीक झाला. एक रुपयातला विमा बंद होऊन खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर बेतली. ओढ्याकाठचं एकाचं रान बुडालं, पण महसूल मंडळाचा सरासरी उतारा टिकला, तर त्याच्या हाती काही नाही.

शेतकऱ्याच्या हातात राहतं ते नियोजन. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवावेत. 70 उगवले तर ते पेरणीजोगं. रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर एकरी 30 किलोऐवजी 22 किलो बियाणं पुरतं. जादा पाणी सरीतून निघून जातं, पावसाने ओढ दिली तर तिथेच ओल टिकते. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे ही दुहेरी सोय फार मोलाची आहे. 206 मिमीपुढे मात्र कुठलाच वरंबा टिकत नाही. तिथे मदतच लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: बियाणं, खतं आणि पीककर्जाचं नियोजन खरीप आढावा बैठकीत होतं, तसा मदतीचा दर आणि हेक्टरची मर्यादाही तिथेच ठरावी, आणि हंगाम संपेपर्यंत दोन्ही कमी करू नयेत.