धुराड्यातली बाळंतीण

रकून पकडावा, गाडीत घालावा आणि लांबच्या रानात सोडून यावं, हा टोरांटोत नवं घर घेतलेल्या बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय. ओंटारिओ प्रांतात त्याला कायद्याने बंदी आहे. पकडलेलं जनावर चोवीस तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावं लागतं. एवढं अंतर रकून रात्रीच्या फेरफटक्यात सहज तोडतो. ही थट्टा वाटेल, पण यामागे रेबीजची धास्ती आहे. रकूनमधला रेबीज १९९९ साली अमेरिकेची सीमा ओलांडून ओंटारिओत शिरला, लस भरलेली आमिषं टाकून हटवला गेला आणि २०१५च्या डिसेंबरात हॅमिल्टनमध्ये पुन्हा उगवला. आजारी जनावर दूर नेऊन सोडणं म्हणजे रोगाला गाडीभाडं देणं.

त्यातून एप्रिल-मेमध्ये दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या वरून कुईकुई आणि कुरकुर ऐकू येऊ लागली, तर प्रश्न एका रकूनचा नसतोच. वर बाळंतीण असते.

रकून मुळात झाडांच्या ढोलीत राहणारा प्राणी. मोठी पोकळ झाडं शहरात उरली नाहीत, पण विटांची उभी, अंधारी, वरून उघडी धुराडी उरली. जुन्या धुराड्यात आतून मातीच्या खडबडीत नळ्या बसवलेल्या असतात. त्यांवर पाठ आणि पंजे रोवून मादी आरामात चढ-उतार करते. खाली, धूर अडवायच्या लोखंडी झडपेच्या मागे, एक सपाट कट्टा असतो. तिथे ती विते. साधारण ६३ दिवसांचा गर्भ, तीन ते पाच पिलं, डोळे मिटलेले. पिलांना ती भिंत चढता येत नाही, त्यामुळे ती घरंगळून कुठे जातील ही काळजी तिला नसते. घरमालक आणि पिलं यांच्यामध्ये फक्त ती झडप असते, म्हणून आवाज इतका जवळून येतो. नव्या घरांतली धुराडी गुळगुळीत पत्र्याची असतात. त्यांत रकून बहुधा राहायला जात नाही, पडतो. अशा वेळी वरून एक जाड दोर सोडून ठेवला की तो स्वतःच चढून निघून जातो.

आवाज मात्र आधी नीट ऐकावा. उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, आई आत शिरताच एकदम कलकलाट होत असेल, तर ती पाकोळीची पिलं असू शकतात. धुराड्यात घरटं करणारी ही पाकोळी हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढते आणि कॅनडा-अमेरिकेत तिला कायद्याचं संरक्षण आहे. तिचं घरटं हलवता येत नाही. पिलं उडेपर्यंत थांबायचं, बस्स.

रकूनच असेल तर शेकोटी पेटवायची नाही. धूर केला की मादी वर पळेल आणि पिलं कट्ट्यावर गुदमरतील. पिंजरा लावून आईला पकडलं, तर पिलं उपाशी मरतात आणि त्यांचा वास मग घराला सोसावा लागतो. शहाणपणाचा रस्ता तिला हाकलण्याचा नाही, तिची झोपमोड करण्याचा आहे. रकूनच्या मादीला परिसरात दुसऱ्या एक-दोन जागा ठाऊक असतात. पहिली गैरसोयीची झाली की ती पिलांना मानेला धरून, एकेक करून, हलवते. मांजर घरं बदलतं तशीच.

तेव्हा झडप घट्ट बंद ठेवून, सूर्य मावळायच्या जरा आधी, शेकोटीत प्रखर दिवा लावायचा आणि माणसांच्या गप्पांचं रेडिओ स्टेशन मोठ्याने सुरू करायचं. गाण्यांपेक्षा बोलण्याला ती जास्त बिचकते, असं रकून हटवण्याच्या धंद्यातले लोक सांगतात. काहीजण अमोनियात भिजवलेली चिंधीही ठेवतात. मला ते पटत नाही. त्या उग्र वाफेत आई निघून जाईल, पण नवजात पिलांना कुठे जाता येतं? व्यावसायिक लोक नर रकूनच्या वासाचं द्रव्य वापरतात. नर पिलं मारतो, हे मादीला पक्कं माहीत असतं. बिऱ्हाड हलायला एक रात्र लागते, कधी दोन-तीन. तेवढे दिवस दिवसा फिरणारी मादी दिसली म्हणून ती पिसाळलेली आहे असं समजू नये; दूध पाजणारी आई भुकेपोटी उन्हातही बाहेर पडते. घाई नसेल तर काहीच न करणं हाही उपाय आहे. आठ-दहा आठवड्यांची पिलं आईच्या मागून आपणहून बाहेर पडतात.

ती गेल्यावर राहते ती घाण, आणि खरा धोका तिथे आहे. रकूनच्या विष्ठेत एका गोलकृमीची अंडी असू शकतात. दोन ते चार आठवड्यांत ती संसर्ग करण्याजोगी होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. लहान मुलांना भीती जास्त. नेहमीचं जंतुनाशक त्यांचं काही बिघडवत नाही, उकळतं पाणी मारतं. कोरडा झाडू कधीच फिरवू नये. मास्क, हातमोजे, आणि जमल्यास हे काम धुराडं साफ करणाऱ्या जाणकारावर सोपवावं. तसाही तिथे काजळीचा ज्वालाग्राही थर असतोच.

शेवटी धुराड्यावर जाळीची पोलादी टोपी. ती बळकट हवी. १९०७ साली एच. बी. डेव्हिस या संशोधकाने रकूनसमोर तेरा प्रकारच्या कड्या-कुलपं ठेवली, तर त्यांनी अकरा उघडून दाखवली. टोपी बसवण्याआधी आरशाने किंवा कॅमेऱ्याने आत कोणी नाही याची खात्री करावी. पिलू आत राहिलं, तर आई आधी टोपी उचकटेल आणि ते जमलं नाही तर छप्पर. सगळ्यांत सोयीचा महिना ऑक्टोबर: पाकोळ्या दक्षिणेला गेलेल्या असतात, वसंतातली पिलं मोठी झालेली असतात आणि थंडीपूर्वीच्या वार्षिक सफाईसाठी माणूस छपरावर चढणारच असतो.