सेफ्टी पिन नक्की कुणाची?
मैत्रिणींनो, पेण-रोहा एसटीत चढताना पदर सुटला की आपण बांगडीत अडकवलेली पिन काढतो. ती शोधली कुणी? अमेरिकेच्या वॉल्टर हंट यांनी एप्रिल १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकलं! त्याच वर्षी इंग्लंडच्या चार्ल्स राउली यांनीही पेटंट घेतलं. पण ग्रीस-इटलीत तीन हजार वर्षांपूर्वीही तार वळवून केलेल्या पिना वस्त्राला लावत. मग हंट यांचं काय? आमच्या मते, टोक झाकणारी टोपी. बोट वाचतं ते तिच्यामुळे. आपल्या आज्यांना मात्र पिन लागतच नसे. नऊवारीचा काष्टा खोचला, चोळीला पुढे गाठ मारली की चालल्या भातलावणीला. पिनेची गरज वाढली ती आपण पाचवारी नेसू लागल्यावर.