शेजारी पाठवलेलं मूल

मुलांशी अवघड बोलताना : भाग ६

आजोबा गेले हे मुलाला कोणत्या शब्दांत सांगावं, ते मागच्या भागात पाहिलं. आता पुढचा प्रश्न. माणसं जमू लागलीत, अंगणात तिरडी बांधताहेत. अशा वेळी मुलाचं काय करायचं?

बहुतेक घरांत 'पोराला जरा तुमच्याकडे ठेवा' म्हणून त्याला शेजारी पाठवतात. हेतू मायेचाच असतो. मी सात वर्षांची असताना आजी गेली, तेव्हा मलाही असंच पाठवलं होतं. पुढ्यात पोह्यांची बशी आणि भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज. संध्याकाळी परतले, तर आजीची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. आजीला विहिरीत सोडलं असेल, असं मी कित्येक दिवस धरून चालले होते. विचारायची सोय नव्हती.

मुलांची समज वयाप्रमाणे बदलते. हंगेरीच्या मारिया नागी यांचा ३ ते १० वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, असं त्यांना आढळलं. म्हणून 'आजी झोपली' ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरू शकतं आणि 'देवाघरी गेली' ऐकलेलं 'मग परत कधी येणार?' म्हणून विचारत राहतं.

मुलाला आत नेण्याआधी काय दिसेल ते सांगा. 'आजोबांना जमिनीवर ठेवलंय, उशाशी दिवा आहे. नाकात कापूस आहे, पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधलेत. हात लावलास तर गार लागेल. आत्या मोठ्यानं रडेल, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही.' मग विचारा, 'यायचंय?' नको म्हणालं तर आग्रह नको. हो म्हणालं तर त्याच्यासाठी एक माणूस नेमा, मामा किंवा काकू, ज्याच्यावर विधीची जबाबदारी नाही असा. मूल 'चल' म्हणालं की त्या माणसानं त्याला घेऊन बाहेर यायचं. आईवडील स्वतःच कोसळलेले असतात, हे काम त्यांच्या गळ्यात घालू नका.

छोटं काम दिलं की मुलाला तिथं जागा मिळते. फूल वाहणं, तुळशीपत्र देणं, आजोबांची टोपी आणून ठेवणं. हे मुलीनंही करावं. स्मशानात न्यायचं का, हे वय आणि इच्छा पाहून ठरवा. चार-पाच वर्षांच्या मुलाला घरातला निरोप पुरतो. 'चटका बसेल का?' हा प्रश्न येणारच. 'नाही. शरीर बंद पडलंय, आता काहीच दुखत नाही,' एवढं उत्तर पुरे. वडीलच गेले असतील आणि अग्नी द्यायला लहान मुलाला पुढे करत असतील, तर गुरुजींशी आधी बोला. त्याचा हात मोठ्या कुणीतरी धरावा.

पहिल्या दिवसाच्या गडबडीत हे जमलं नाही, तर अपराधी वाटून घेऊ नका. आपल्याकडे निरोप तेरा दिवस चालतो. अस्थी, दहावा, तेरावा, प्रत्येक वेळी मुलाला पुन्हा बोलावता येतं. दहाव्याला पिंडाशी कावळ्याची वाट पाहायला मुलं आपणहून येतात. मात्र कावळा शिवला नाही, तर 'माझ्यावर रुसले म्हणून?' असं त्यांच्या मनात येऊ शकतं. कावळा आला नाही की दर्भाचा करून शिववतात, हे आधीच सांगून ठेवा.

मधेच मूल बॅट घेऊन पळालं, तर त्याला निर्दयी ठरवू नका. मुलांचं दुःख डबक्यासारखं असतं. पाय बुडतो, ती उडी मारून बाहेर येतात, पुन्हा पाय पडतो.

आजीच्या तेराव्याला कुणीतरी फोटो पुसायला माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी आईला विहिरीचं विचारलं. आईनं हातातलं काम ठेवलं आणि सगळं सांगितलं.

पुढच्या भागात : सुट्टीनंतर शाळेत परतणारं मूल आणि वर्गशिक्षकांशी आधी काय बोलावं.