जोखमीचं गणित आणि कातडीचा रंग

पहिली पाळी कितव्या वर्षी आली? पहिलं मूल कधी झालं? आई, बहीण किंवा मुलीला स्तनाचा कर्करोग झालाय का? बायॉप्सी झाली होती? अशा मोजक्या उत्तरांवरून पुढच्या पाच वर्षांतली जोखीम टक्क्यांत सांगणारं सूत्र अमेरिकेत मिचेल गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलं. (आत्या आणि आजी या हिशेबात नाहीतच, हे जरा अजबच.)

त्यामागची माहिती मुख्यतः गोऱ्या स्त्रियांची होती. २००७ मध्ये गेल यांच्याच गटाने कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी वेगळं सूत्र बेतलं, तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या बहुतेकींची जोखीम आधीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली.

पण खरी दरी पुढेच आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा आजार गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, मृत्युदर मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त! ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठी त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतात आणि त्यांवर हार्मोनविरोधी गोळ्या चालत नाहीत. पण सगळा दोष शरीराच्या माथी मारणं सोयीचं असलं, तरी खरं नाही. ज्या गाठींवर प्रभावी औषधं आहेत, तिथेही ही तफावत दिसते. तुटपुंजा विमा, संशयास्पद मॅमोग्राफीनंतर रखडलेल्या तपासण्या, उशिरा सुरू झालेले उपचार यांचा त्यात मोठा वाटा आहे.

निदान लवकर व्हावं म्हणून २०२४ मध्ये तिथल्या तज्ज्ञगटाने चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली. गेल यांच्या सूत्रात त्याआधीच चिनी, जपानी, फिलिपिनो असे पर्याय आले होते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी बाईला मात्र ‘इतर आशियाई’वरच खूण करावी लागते.