नवऱ्याची सही लागत नाही

“लग्न झालेलं नसेल तर आपल्याकडे कायद्याने दात्याच्या मदतीने मूल होऊ देत नाहीत ना?” हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय, की आता तो ऐकला की संताप होतो. राग त्यांच्यावर नाही. त्या शिकलेल्या आहेत, कमावत्या आहेत, स्वतःच्या नावावर घर घेतलेल्या आहेत. राग आहे तो त्यांच्या मनात हे भरवणाऱ्यांवर. नातेवाइकांचं समजू शकते, पण काही दवाखान्यांच्या काउंटरवरूनही “मॅरेज सर्टिफिकेट आणि मिस्टरांचं आधार कार्ड घेऊन या” असं सांगून बाईला परत पाठवतात.

कायदा काय म्हणतो ते बघा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१चा, जानेवारी २०२२पासून लागू. उपचार कोणाला घेता येतात, याची त्यात दोन उत्तरं आहेत: मूल न होणारं विवाहित दाम्पत्य, आणि स्त्री. ‘स्त्री’ची व्याख्याही तिथेच आहे: क्लिनिकच्या किंवा बँकेच्या अधिकृत सेवेसाठी तिथे आलेली, २१ वर्षांवरील कोणतीही स्त्री. कोणतीही! म्हणजे अविवाहित, विधवा, घटस्फोटित, सगळ्या. वरची मर्यादा ५० वर्षांची. संमती लेखी लागते, आणि एकटी स्त्री आली असेल तर ती तिची स्वतःचीच.

मग घोळ कुठून झाला? सरोगसीचा कायदाही त्याच सुमारास आला आणि लोकांनी दोन्ही एकत्र कालवले. सरोगसीत एकट्या बाईला परवानगी आहे ती फक्त विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि वय ३५ ते ४५ असेल तरच. अविवाहितेला नाही. ही अट अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय. “एकता कपूरला कसं चाललं?” असं विचारणाऱ्यांसाठी: तिचा सरोगसीने झालेला मुलगा २०१९चा, म्हणजे या कायद्याच्या आधीचा. मुळात सरोगसीत मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढतं. स्वतःच्या पोटी मूल हवं असलेल्या बाईला ती अट लागूच होत नाही.

दुसरा समज: एकटी बाई म्हणजे थेट आयव्हीएफ. वय कमी असेल, बीजवाहक नलिका मोकळ्या असतील, तर सुरुवात बहुधा आययूआयने होते. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफीत बीजाची वाढ बघतात. बीज फुटायच्या सुमारास, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली दात्याच्या वीर्याची कुपी बाहेर काढून वितळवतात आणि बारीक नळीने ते गर्भाशयात सोडतात. भूल नाही, टाके नाहीत, काही मिनिटांचं काम.

तिसरा समज: “एग फ्रीझिंग करून ठेवलं की वयाची चिंता मिटली.” नाही मिटत. गोठवलेलं बीज ही संधी आहे, हमी नाही, आणि ते कोणत्या वयात काढलं यावर बरंचसं ठरतं. बीजांचा साठा आपण जन्मतःच घेऊन येतो, नंतर भर पडत नाही. एएमएच या रक्तचाचणीच्या रिपोर्टवरून साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. ब्रिटनमधल्या एचएफईए या नियामक संस्थेची २०२२ची आकडेवारी पाहा: स्वतःचं बीज वापरणाऱ्या ३५च्या आतल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल जन्मण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांश, ४३-४४व्या वर्षी पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून तर काउंटरवरच्या त्या चुकीच्या उत्तराची मला चीड आहे. ते ऐकून बाई घरी जाते, मन मारते, आणि खरं कळेपर्यंत चार-पाच वर्षं निघून गेलेली असतात.

दाता उद्या हक्क सांगत येईल? कायद्याने त्याने पालकत्वाचे सगळे हक्क सोडलेले असतात. ओळखीच्या मित्राचा नमुना चालेल? नाही, तो नोंदणीकृत बँकेतूनच यावा लागतो. मुलगा की मुलगी निवडता येईल? तो गुन्हा आहे.

“बापाविना मूल बिघडतं.” केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दात्याच्या मदतीने एकटीने आई झालेल्यांची ५१ कुटुंबं आणि आई-वडील दोघं असलेली ५२ कुटुंबं तपासली. मुलांच्या मानसिक जडणघडणीत फरक आढळला नाही.

राहिला जन्मदाखला. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला आहे: अविवाहित किंवा एकट्या आईने मूल आपल्या पोटचं असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं, तेवढ्यावर दाखला मिळाला पाहिजे. वडिलांच्या नावासाठी कोणी अडवलं, तर हा आदेश दाखवा आणि नकार लेखी मागा.